मांडीमागच्या स्नायूंसाठी: नुसता ताण की वजनाचा व्यायाम?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे धावणारे अनेकजण कठड्यावर पाय टेकवून मांडीमागचा स्नायू ताणतात. हा ताण रोज 30 सेकंद स्थिर धरल्यास काही आठवड्यांत वाकणे सुलभ होते, मात्र त्यात स्नायूची लांबी वाढण्यापेक्षा ताण सोसण्याची क्षमताच अधिक वाढते. रोमानियन डेडलिफ्टमध्ये, म्हणजे हातात वजन धरून गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकण्याच्या व्यायामात, वजन सावकाश खाली नेताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, त्यामुळे लवचीकतेबरोबर त्या लांबीतली ताकदही येते, आणि तालमीतल्या मल्लाला किंवा शाहू स्टेडियमवर धावणाऱ्या फुटबॉलपटूला नेमकी तीच लागते. म्हणून मी दुसरा पर्याय सुचवेन: आठवड्यातून दोनदा, हलक्या वजनापासून, पाठ सरळ ठेवून. सुरुवातीला पाय दुखतील. स्थिर ताण व्यायामानंतर द्यावा. वेगाने धावण्याआधी तो मिनिटभराहून अधिक धरल्यास ताकद तात्पुरती घटते.