एक डोंगर, दोन बाटल्या, आठ महिने: रिज माँटे बेलो

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या कितीतरी मराठी घरांतून दिसत असेल. सात वर्षं भांडी विसळताना मी त्याच्याकडे बघत होतो, पण वरच्या मळ्यातली वाइन चाखायला गेल्या ऑगस्टपर्यंत हात धजावला नाही. एका बाटलीला दोनशे डॉलरहून जास्त मोजायचे म्हणजे आमच्या घरात आधी बैठक होते. बैठक झाली आणि रिज या वाइनरीच्या 'माँटे बेलो' नावाच्या लाल वाइनच्या २०१६ सालच्या दोन बाटल्या घरी आल्या. एक आत्ता प्यायची, दुसरी मुलगी ग्रॅज्युएट होईल तेव्हा, असं ठरलं.

'आत्ता'ची बाटली एका बैठकीत संपवायची नव्हती. म्हणून ते सुईचं यंत्र आणलं: बारीक सुई बुचातून आत जाते, आर्गॉन वायू सोडते आणि बूच न काढता पेलाभर वाइन बाहेर येते. म्हणजे हा अनुभव खरं तर एकाच बाटलीचा आहे, ऑगस्ट ते एप्रिल.

पहिला पेला, खरं सांगतो, रागच आला. जिभेवर काताचा तुकडा ठेवल्यासारखा तुरटपणा, त्याच्यामागे थोडं जांभूळ, बाकी सगळं दार लावून बसलेलं. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांत काश्मीरला जाऊन आलो असतो." चूक माझी होती. पेल्यात ओतून पाच मिनिटांत तोंडाला लावली होती. तोच पेला अर्धा ठेवून दोन तासांनी परत घेतला, तर वास बदलला होता: शिसपेन्सिलीला नुकतं टोक काढल्यासारखा, थोडा देवदारासारखा, आणि मनुका. तेव्हापासून नियम केला की जेवणाआधी दोन तास चंचुपात्रात ओतून ठेवायची. चंचुपात्र म्हणजे काचेचा जग, आमच्याकडचा ताकाचा आहे तोच.

आता या डोंगराबद्दल थोडं, कारण पैसे त्याचेच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतले इटालियन डॉक्टर ओसिया पेरोने यांनी इथे जमीन घेतली, उतारावर पायऱ्या पाडल्या आणि १८८६ च्या सुमारास वेली लावल्या. 'माँटे बेलो' म्हणजे देखणा डोंगर. पहिली वाइन १८९२ ची. डोंगराच्या पोटात कोरलेली त्यांची तीन मजली दगडी वाइनरी अजून वापरात आहे. मग अमेरिकेत दारूबंदी आली, मळा ओस पडला. १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने पेरोनेंच्या जमिनीच्या खालचा ओस मळा घेऊन काही तुकड्यांवर पुन्हा कॅबरने सोव्हिन्यों ही लाल वाइनची द्राक्षं लावली. आणि १९५९ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या चौघांनी, डेव्ह बेनियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, तो विकत घेतला. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार बायकामुलांसकट डोंगरावर. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक निवृत्तीनंतर कोकणात आंब्याची बाग घेण्याचं स्वप्न रंगवत असतात. या चौघांनी ते निवृत्तीची वाट न बघता केलं.

१९६९ मध्ये वाइन बनवायला पॉल ड्रेपर आले. त्यांचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं, वाइन बनवण्याची पदवी नाही. त्यांचा हट्ट एकच: द्राक्षाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. सालीवर असलेल्या मूळच्या यीस्टने आंबवायचं आणि मुख्यतः अमेरिकन ओकच्या, उन्हावाऱ्यात वाळवलेल्या लाकडाच्या पिंपांत मुरवायचं. नापा या कॅलिफोर्नियातल्याच प्रसिद्ध वाइन-खोऱ्यातल्या अनेक कॅबरने आज चौदा-पंधरा टक्के अल्कोहोलच्या असतात. ही साडेतेराच्या आसपास. त्याचं कारण उंचीही आहे. मळा १३०० ते २७०० फुटांवर आहे आणि पॅसिफिकचा गार वारा इथे पोचतो, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा टिकतो. खाली चुनखडी. याच डोंगररांगेतली चुनखडी शेजारच्या पर्मनेंटी खाणीतून निघून शास्ता धरणाच्या सिमेंटमध्ये गेली. (कैसर पर्मनेंटी या इस्पितळांच्या नावातलं 'पर्मनेंटी' इथल्या ओढ्याचंच. आमचा विमा तिथला, त्यामुळे ही माहिती घरात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते.)

निफाडच्या काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांचा थॉम्सन द्राक्षांचा मांडव आहे. त्यांनी एकरी किती टन निघतात तेवढंच विचारलं. फार कमी, म्हटल्यावर म्हणाले, "मग तो डोंगर नाही रे, छंद आहे."

ऑक्टोबरात मित्र जेवायला आले आणि मी घोडचूक केली: सोबत तांबडा रस्सा. मिरचीच्या तिखटाने तुरटपणा आणखी टोचतो, अल्कोहोल घशात जळतं. वाइन वाया, रस्साही वाया. हाच प्रयोग सुक्या मटणावर, तिखट निम्मं करून केला तेव्हा गणित जमलं, कारण चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा धरून ठेवतात. पण खरी जोडी डिसेंबरात सापडली: सासूबाईंची भरली वांगी. गोडा मसाला, तीळ, खोबरं, दगडफूल. ते दगडफूल आणि वाइनमधला ओल्या मातीचा वास एकमेकांना ओळखत असल्यासारखे भेटले. सासूबाई त्या दिवशी एक घोट घ्यायला तयारही झाल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं. ही वाइनरी आत काय काय घातलंय ते छापते, जे अमेरिकेत फार कमी जण करतात. मी उत्साहात सांगून बसलो की काही सालांना वाइन निवळायला अंड्याचा पांढरा भाग वापरतात आणि तेही प्रामाणिकपणे लिहितात. "मग राहू द्या जावईबापू," म्हणाल्या आणि सोलकढी घेतली.

जानेवारी-फेब्रुवारीतले पेले सर्वांत छान. मार्चपासून मात्र वास बोथट वाटू लागला. आर्गॉन कितीही सोडा, अर्धी रिकामी बाटली आठ महिने ताजी राहत नाही. चार-पाच महिने, त्यापुढे नको.

आणि मार्चमध्येच दुसरी बाटली बघायला गॅरेजमध्ये गेलो. बूच दोन मिलिमीटर वर आलेलं, कडेला चिकट ओघळ. सप्टेंबरच्या उष्णतेच्या लाटेत आमचं गॅरेज भट्टी झालं होतं आणि मी बाटली तिथे 'सुरक्षित' ठेवली होती. उघडली तर शिजलेल्या आलुबुखाऱ्याचा मुरांबा. दोनशे डॉलर माझ्या आळसाचे.

हे जास्त लागलं, कारण या वाइनचं सगळं मर्म ठेवण्यात आहे. १९७६ मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबलं झाकून चाखायला लावल्या, तेव्हा १९७१ ची माँटे बेलो लाल वाइनमध्ये पाचवी आली. २००६ मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा तीच १९७१ पहिली. पस्तीस वर्षांची म्हातारी! मी माझ्या बाटलीला ऑगस्टच्या एका संध्याकाळी पाच मिनिटं दिली होती.

तर घ्यावी का? यंदाच प्यायची असेल तर नको. त्याच डोंगरावरची 'एस्टेट कॅबरने सोव्हिन्यों' घ्या; बरीच स्वस्त, लवकर खुलते, आणि पेन्सिलीचा तो वास तिच्यातही आहे. माँटे बेलो घ्यायची तर वाइन पिंपात असतानाच पैसे भरायची सोय आहे, थोडी स्वस्त पडते, हातात यायला वेळ लागतो. आपल्याकडे लग्नाचा हॉल वर्षभर आधी धरतात, तसंच. मी दोन बाटल्यांचे पैसे भरलेत. ठेवायची जागा सनीव्हेलच्या मित्राच्या वाइन-फ्रिजमध्ये, भाडं दर मे महिन्यात हापूसची एक पेटी.