लकव्यावर मेंदूला करंट: नाशिकमध्ये आम्ही कसे फसलो

अण्णांना लकव्याचा झटका आला तो सकाळी, दाढी करताना. ब्रश उजव्या हातातून बेसिनमध्ये पडला आणि ते नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले. आईने हाक मारली तर तोंडातून शब्द फुटेना, ओठ एका बाजूला ओढलेला. शेजारच्या काकांनी ताबडतोब गाडी काढली म्हणून साडेचार तासांच्या आत, म्हणजे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं त्या वेळेत, आम्ही हॉस्पिटलला पोचलो. जीव वाचला. उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३३ वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि आता पाणी हवं असेल तर डाव्या हाताने ग्लासकडे बोट दाखवायचे.

घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम येऊ लागल्या. रोज तासभर. दीड महिन्यात खांदा हलू लागला, बोटं थोडी मिटू लागली. मॅडम कपड्यांचे चिमटे आणायच्या आणि ते दोरीला लावायला सांगायच्या. एक चिमटा लावायला अण्णांना दोन-तीन मिनिटं लागायची. घाम यायचा, कधी चिडून हात झटकायचे. आम्हाला वाटायचं, या गतीने काय होणार? आमच्या या अधीरपणातूनच पुढचं सगळं घडलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका नातेवाइकांनी व्हिडिओ पाठवला. गंगापूर रोडवरचं एक सेंटर. 'मेंदूच्या बंद पडलेल्या पेशी करंटने पुन्हा चालू, ३० सिटिंगमध्ये हात मोकळा.' नातेवाइकांना दोष देत नाही, त्यांनी मायेपोटीच पाठवला होता. आम्ही अण्णांना घेऊन गेलो. काचेचं दार, एसी, पांढऱ्या कोटातले सर. तिथले सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणालो. सरांनी टीव्हीवर अमेरिकेतल्या सरकारी मान्यतेची बातमी दाखवली. ३० सिटिंगचे ९०,००० रुपये, 'आज भरले तर ७२,०००.' आईने ठेव मोडली.

ती बातमी खरी होती, हे मला खूप नंतर कळलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झटक्यानंतर हातासाठी एका विद्युत उपकरणाला खरोखरच मान्यता दिली आहे. पण ते उपकरण शस्त्रक्रिया करून छातीच्या त्वचेखाली बसवतात, त्याची तार मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला जोडतात, आणि हाताचा व्यायाम चालू असतानाच थेरपिस्ट ते चालवतो. आमच्या अण्णांच्या कपाळाला बांधला होता तो रबरी पट्टा, दोन स्पंजचे पॅड आणि एक डबी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. खऱ्या बातमीच्या आड खोटा माल विकला गेला.

पट्ट्याचा प्रकारही मुळात खोटा नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल मी विज्ञानाच्या विरोधात आहे. कवटीवरून अगदी सौम्य करंट देण्यावर गेली पंचवीस वर्षं संशोधन चालू आहे. साधारण १ ते २ मिलिअँपिअर, वीसेक मिनिटं, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज. हाताची हालचाल ठरवणारा मेंदूचा भाग माथ्यापासून कानाकडे उतरणाऱ्या पट्ट्यात असतो, म्हणून एक पॅड तिथे, माप घेऊन लावतात. आमचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले की झटक्यानंतरच्या हातासाठी याचा पुरावा अजून कच्चा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत खरा करंट मिळालेले रुग्ण आणि ज्यांच्यावर करंटचं नुसतं नाटक केलं गेलं ते रुग्ण यांच्यात ठळक फरक दिसला नाही. व्यायाम मात्र त्या सगळ्यांचा चालू होता.

आमच्या सेंटरवाल्या सरांनी पहिल्याच दिवशी काय सांगितलं? 'घरचा व्यायाम बंद ठेवा. मेंदू एका वेळी एकच गोष्ट शिकतो, दोन्हीकडून ताण दिला तर करंटचा परिणाम निघून जातो.' आणि आम्ही मॅडमना येऊ नका म्हणून फोन केला. तो फोन मीच केला.

कुणीही विचारलं नाही की अण्णांना कधी फिट आली होती का, डोक्यात काही धातू बसवलेला आहे का. हे प्रश्न आधी विचारायलाच हवेत, असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. सेंटरमधला मुलगा स्पंज नळाखाली ओला करून पिळून लावायचा, दुपारच्या सिटिंगला तर तेही नाही. एकदा अण्णा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवू लागले. बोलता येत नव्हतं, दुसरं काय करणार? मी मुलाला सांगितलं, तर म्हणाला, 'करंट लागतोय म्हणजे काम करतोय.' घरी येऊन पट्ट्याखालचं कपाळ पाहिलं. मसुरीच्या डाळीएवढे दोन लाल डाग, कडा काळपट. कोरड्या स्पंजने चामडी भाजली होती. आईने खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

दर आठवड्याला पकडीचं माप घ्यायचे. पहिल्या दिवशी ४ किलो, चौथ्या आठवड्यात ९. आम्ही पेढे वाटले! घरी मात्र अण्णांना चहाचा कप धरता येत नव्हता. पाचव्या आठवड्यात मी माप घेताना नीट पाहिलं. पहिल्या दिवशी हात हवेत लोंबता ठेवून मोजलं होतं. आता कोपर टेबलावर टेकवलेलं, आणि तो मुलगा अण्णांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून 'दाबा काका, दाबा' म्हणत होता.

त्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक मावशी होत्या. त्यांची डावी बाजू गेलेली, अण्णांची उजवी. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाला चालवतो आणि उजवा डाव्या अंगाला, एवढं मलाही माहीत होतं. पण दोघांच्या कपाळावर पॅड अगदी त्याच दोन जागी होते. मी सरांना विचारलं. ते हसून म्हणाले, 'ताई, करंट आपोआप जिथे गरज आहे तिथे जातो.'

रात्री मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सगळ्यात वेगाने सावरतो आणि त्यातले पाच आठवडे आपण बसून घालवले. या काळात थोडी सुधारणा कुणाचीही होते, म्हणून यंत्र कुठलंही असो, श्रेय त्याला जातं. एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली: त्या स्वतः मनगटाच्या स्नायूला लावतात ते मशीन वेगळं आहे, त्याला घाबरून कोणी तेही बंद करू नये.

पैसे परत मागितले तेव्हा इंग्रजीतला एक कागद पुढे आला. त्यावर आईची सही, 'रक्कम परत मिळणार नाही.' पावतीवर उपचाराचा शब्दच नाही, फक्त 'वेलनेस सेवा'. सरांचं नाव मी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधलं, मग फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेच्या यादीत. कुठेच नाही. हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. हीच दहा मिनिटं ठेव मोडण्याआधी काढायला हवी होती. लकवा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्याच्या यादीत लकव्याचं नाव आहे. तो व्हिडिओ, पावती, कपाळाचे फोटो असं सगळं जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. अशी तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते आणि १९१५ या हेल्पलाइनवर कसं करायचं ते सांगतात, म्हणून ज्यांनी अशा ठिकाणी पैसे भरलेत त्यांनी पावती फेकू नये.

अण्णा आता सलग नऊ चिमटे लावतात. दोन शब्द येतात, 'हो' आणि आईचं नाव.

त्या मावशी सिन्नरहून यायच्या. सोबत कॉलेजातला नातू असायचा, हातात स्टीलचा डबा. त्या दिवशी मी रागाच्या भरात अण्णांना घेऊन निघाले आणि त्यांचा नंबर घ्यायचा राहून गेला. कुणी त्यांना ओळखत असेल तर एवढा निरोप द्या: त्यांच्या डाव्या हाताचा व्यायाम उद्यापासूनच पुन्हा सुरू करा.