ऑगस्टमधला स्टीलहेड: डेशूट्स की काउलिट्झ?

पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टन-हिल्सबोरो भागात राहणाऱ्या आणि गळाची सवय गावाकडून घेऊन आलेल्या मराठी माणसाला जुलै लागला की ठरवावं लागतं: शनिवारी पहाटे गाडी पूर्वेला डेशूट्स नदीकडे काढायची, की उत्तरेला राज्याची हद्द ओलांडून वॉशिंग्टनमधल्या काउलिट्झ नदीवर जायचं? वाटेत गर्दी नसेल तर दोन्हीकडे घरून साधारण दोन तास. दोन्हीकडे उन्हाळ्यात समुद्रातून चढणारा स्टीलहेड (ट्राउटचाच एक प्रकार) आणि त्याच्या मागोमाग चिनूक सॅमन. दोन राज्यांचे परवाने एकाच हंगामात काढणं महाग पडतं. शिवाय एक नदी नीट ओळखीची व्हायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे दोन्हीकडे थोडं थोडं जाऊन फारसं हाती लागत नाही. मी दोन्हीकडे पुरेसे उन्हाळे काढून मग एक निवडली. तुमचा कल वेगळा असू शकतो, आणि तसा असला तर त्यालाही चांगली कारणं आहेत.

आधी डेशूट्सबद्दल, कारण मनात आधी तीच येते. मॉपिन गावाखालची दरी पाहिली की आपल्या माणसाला ती परकी वाटत नाही. हे कडे कोलंबिया बेसाल्टचे. सह्याद्रीसारखेच लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले, तसेच पायऱ्यापायऱ्यांचे. शेरर्स धबधब्यापासून मॅक्स कॅन्यनपर्यंत काठाने खडीचा रस्ता आहे. तिथे तो संपतो, आणि पुढचे सुमारे 24 मैल, थेट कोलंबियाच्या संगमापर्यंत, तिकडून गाडीने जाता येत नाही. चालत जा, संगमाच्या बाजूने सायकलवर या, नाहीतर होडीने. मात्र होडी फक्त पोहोचण्यासाठी. तरंगणाऱ्या कशावरही बसून इथे गळ टाकायला मनाई आहे, त्यामुळे प्रत्येक जण पाण्यात उतरून, पायांनी तळ चाचपत मासा शोधतो. धबधबा सोडला तर खरं आमिषही चालत नाही, फक्त माशी (पिसं-दोऱ्याची नकली माशी) किंवा कृत्रिम गळ. या नियमांमुळे नदीवर शांतता असते आणि प्रत्येकाला आपापली जागा मिळते.

शेरर्स धबधब्यावर वॉर्म स्प्रिंग्जचे आदिवासी लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या जाळ्यांनी चिनूक काढतात. हा त्यांनी 1855 च्या तहात राखून ठेवलेला हक्क आहे. एकदा तरी तिथे थांबून बघा, गळ गाडीत ठेवून. फेसाळ पाण्यात जाळं धरून उभं राहणं किती कसबाचं काम आहे, ते तिथेच कळतं.

ऑगस्टमध्ये डेशूट्सच्या तोंडाशी इतका स्टीलहेड का जमतो, हेही माहीत असलेलं बरं. कोलंबियाचं पाणी तेव्हा 68 अंश फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं. आयडाहोकडे निघालेले मासे त्या कोमट पाण्यातून बाजूला होतात आणि डेशूट्समध्ये थंडाव्याला थांबतात. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला मासा डेशूट्सचा असेलच असं नाही. अनेकदा तो शेकडो मैल पुढे निघालेला वाटसरू असतो. मला हे कायम मनात बाळगावंसं वाटतं, आणि पुढे त्याचा संबंधही येणार आहे.

ऊन, रॅटलस्नेक, दुपारी कोलंबियाकडून वर घुसणारा आणि दोरी मागे फेकणारा वारा, या सगळ्याची सवय होते. पहाटे ऊन पाण्यावर यायच्या आत आणि संध्याकाळी ते कड्याआड गेल्यावर फेकायचं, मधला वेळ झाडाच्या सावलीत काढायचा. सावली मिळाली तर. या कशानेही मी डेशूट्स सोडली नसती.

मला हरवलं ते व्हाइट रिव्हरने.

माउंट हूडच्या दक्षिण अंगावरच्या हिमनदीतून ही नदी निघते आणि मॉपिनच्या खाली, शेरर्स धबधब्याच्या थोडं वर डेशूट्सला मिळते. हिमनदी खडक घासून त्याची पिठासारखी बारीक पूड करते. हवा तापली की बर्फ वितळतं आणि ती पूड पाण्याबरोबर खाली येते. थोडी आली तर डेशूट्सचं पाणी तांदूळ धुतल्यासारखं दिसतं. जास्त आली, म्हणजे सलग चार-पाच दिवस कडक ऊन पडलं, की राखाडी-तपकिरी होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचे बूट दिसले तर माशी फिरवण्यात अर्थ आहे, अशी माझी साधी कसोटी. व्हाइट रिव्हर सुटलेली असेल तर घोट्याखालचं दिसत नाही.

आता यात चीड आणणारं काय, ते सांगतो. पावसाने नदी गढूळ होणार असेल तर ते आदल्या दिवशी अंदाजात कळतं. इथे आभाळ निरभ्र असतं. नदीच्या तोंडाजवळ मूडीपाशी प्रवाह मोजणारं केंद्र आहे, त्याचा आलेख घरबसल्या पाहता येतो, पण तो प्रवाह सांगतो, रंग सांगत नाही. डेशूट्स झऱ्यांवर पोसलेली, उन्हाळाभर जवळपास सारखीच वाहणारी नदी. व्हाइट रिव्हरची भर त्यात इतकी किरकोळ की आलेखाची रेघ हलतही नाही. शुक्रवारी दुपारी मॉपिनला फोन करावा तर पाणी ‘छान’ असतं, आणि ते खरंही असतं. पण त्या दुपारी वितळलेलं पाणी डोंगरावरून खाली पोहोचायला रात्र होते. शनिवारी पहाटे, म्हणजे नेमक्या माशाच्या वेळी, ते तुमच्या पायाशी असतं. माझा अनुभव तरी असाच आहे. तापलेल्या आठवड्यानंतरची पहाट मी कधीच खात्रीने गाठू शकलो नाही.

यावर एक तोड सांगतात: व्हाइट रिव्हर मिळते त्याच्या वर जा, मॉपिन ते वॉर्म स्प्रिंग्ज, तिथे पाणी नितळच असतं. बरोबर आहे, आणि तिथला रेडबँड ट्राउट फार देखणा. पण जुलै-ऑगस्टमध्ये स्टीलहेडचा मोठा भाग अजून खालच्या 24 मैलांत असतो. तो वर पसरेपर्यंत सप्टेंबर उलटतो. म्हणजे नितळ पाणी वर आणि मासे खाली, असं ऐन हंगामात होतं. ज्याला आठवडाभर सुट्टी आहे तो तंबू ठोकून पाणी निवळायची वाट पाहू शकतो. ज्याला एक शनिवार आणि त्यातली एक पहाट मिळते, त्याने काय करावं?

याचं उत्तर मला काउलिट्झवर मिळालं. काउलिट्झही हिमनद्यांचंच पाणी आणते. ती माउंट रेनिअरवरून निघते, आणि तिला मिळणारी सिस्पस माउंट अॅडम्सच्या बाजूने येते. उन्हाळ्यात वरच्या अंगाला तिचं पाणीही तसंच दुधाळ असतं. पण वाटेत मॉसीरॉकचं धरण आहे. 606 फूट उंचीचं, 1968 साली पूर्ण झालेलं. त्यामागे 23 मैल लांबीचा रिफ लेक. तिथे पाणी स्थिरावतं आणि पूड तळाशी बसते. त्याखाली मेफील्ड धरण, 1963 चं. तिथून सुटणारं पाणी हिरवट, नितळ आणि ऑगस्टमध्येही हाताला गार असतं. पोर्टलंड 100 अंशांवर तापलेलं असताना धरणाखालच्या ब्लू क्रीक ओढ्यापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की अर्ध्या तासात पाय बधिर होतात. माशांना हेच हवं असतं. किती पाणी सोडणार हे धरणं चालवणारी टॅकोमा पॉवर जाहीर करते, त्यामुळे निघण्यापूर्वी जे बघितलं तेच बहुधा सकाळी समोर असतं.

गाळ या नदीतही आहे, पण खाली. सेंट हेलेन्सच्या 1980 च्या उद्रेकातली राख आणि वाळू टूटल नदी अजून वाहून आणते, आणि ती कॅसल रॉकजवळ काउलिट्झला मिळते. टलीडो गावाच्या वर राहिलात तर तिचा तुम्हाला उपद्रव नाही.

धरणाचं हे कौतुक मी मोकळ्या मनाने करू शकत नाही. याच भिंतींनी वरचं खोरं माशांना बंद केलं. आज सॅमन आणि स्टीलहेड खाली पकडून, टँकरमध्ये भरून वर नेऊन सोडतात, आणि खाली येणारी पिल्लंही गोळा करून आणावी लागतात. ज्या नितळ पाण्यात मी उभा राहतो त्याची ही किंमत आहे, आणि ती मी भरलेली नाही. काउलिट्झचा उन्हाळी स्टीलहेडही मुळातला तिथला नाही. तो स्कमेनिया जातीचा, हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला. रानटी मासाच हवा असं ज्याच्या मनात पक्कं आहे त्याला ही नदी कधीच पुरणार नाही, आणि त्या माणसाशी मी वाद घालणार नाही.

काउलिट्झवरची गर्दी हा दुसरा मोठा दोष. ब्लू क्रीकच्या काठावर जुलैच्या रविवारी खांद्याला खांदा लागतो, जेट होड्यांचा आवाज दिवसभर कानात राहतो. बराच काठ खाजगी मालकीचा, त्यामुळे होडीवाल्याला जितकी नदी मिळते तितकी पायी माणसाला मिळत नाही. डेशूट्सच्या शांततेची सवय असलेल्याला पहिले काही दिवस हे सोसत नाही. मी कामाच्या दिवशी पहाटे जायला लागल्यावर मला ते सुसह्य झालं. आमिष चालतं, कोळंबी चालते, तरंगणारा बोया लावून जिग (शिशाच्या डोक्याचा नकली गळ) सोडता येतो. मुलं बरोबर असतील तर याचा मोठा फायदा. दहा वर्षांच्या मुलाला डेशूट्सच्या धारेत कमरेपर्यंत उभं करणं मला पटत नाही. इथे तो काठावर उभा राहून बोया बुडताना पाहू शकतो.

आता त्या वाटसरू माशांकडे येतो. 2015 च्या जुलैत ओरेगॉनने राज्यातल्या बहुतेक नद्यांवर दुपारी 2 नंतर मासेमारी थांबवली, कारण तापलेल्या पाण्यात खेळवून सोडलेला मासाही जगेल याची खात्री नव्हती. त्याच उन्हाळ्यात कोलंबियात सॉकाय सॅमन मोठ्या संख्येने मेला. 2021 मध्ये स्टीलहेड इतका कमी आला की डेशूट्सवर त्याची मासेमारीच बंद झाली. तेव्हापासून कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणापाशी होणाऱ्या माशांच्या मोजणीकडे बघून हंगाम उघडायचा की नाही ते ठरतं, आणि हे योग्यच आहे. पण त्यामुळे सहलीचा बेत आणखी अधांतरी राहतो. नदी उघडी असली तरी दम खायला थांबलेल्या रानटी माशाला त्या उन्हात ओढून पुन्हा सोडणं मला जड जातं. डेशूट्सवरच्या धरणातलं वरचं आणि तळाचं पाणी मिसळून खाली सोडणारा मनोरा 2009 च्या अखेरीस सुरू झाला, त्याने नदीच्या तापमानाचं भलं झालं की वाईट, यावर तिथे जोरात वाद आहे. त्यात मी इथे शिरत नाही.

काउलिट्झवर पाठीवरचा छोटा पर कापलेला (हीच हॅचरीची खूण) मासा मी निःशंकपणे घरी आणतो. तो त्यासाठीच वाढवलेला असतो, आणि नदीत राहून त्याने रानटी माशांत मिसळू नये हेच बरं. मासा काठावर येताच कल्ले कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात ठेवा. हे टाळलं तर घरी पोहोचेपर्यंत चव निम्मी होते. गार पाण्यातला असल्याने मांस घट्ट राहतं, तुकड्या फुटत नाहीत. स्टीलहेडला स्वतःची चरबी भरपूर, म्हणून मी नारळ घालत नाही. मिरची, लसूण, हळद, कोकमं आणि शेवटी चार तिरफळं ठेचून. तळायचा असेल तर कातडी ठेवूनच तळा.

मग कोणी कुठे जावं? माशी फेकण्याचा हात बसला आहे, तीन-चार दिवस सलग मोकळे आहेत आणि मासा घरी न्यायचा नाही, तर डेशूट्स, पण ऑगस्टचा मोह टाळून. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डोंगरावर रात्री गारठतात, हिमनदी वितळायची थांबते, व्हाइट रिव्हर निवळते, मासा वरपर्यंत पसरतो आणि पाणीही त्याला मानवतं. त्या दिवसांत मी स्वतः तिकडेच असतो. जुलै-ऑगस्टमधली एखादी मोकळी पहाट असेल, मुलं बरोबर असतील, किंवा घरी जाऊन कालवण करायचं असेल, तर मला वाटतं काउलिट्झ. मागच्या काही उन्हाळ्यांत तिने मला रंगावरून एकदाही परत पाठवलेलं नाही, आणि माझ्यापुरता हिशोब तिथेच मिटतो.

जाणार असाल तर एवढं करा. वॉशिंग्टनचा परवाना 1 एप्रिल ते 31 मार्च असा चालतो, ओरेगॉनसारखा जानेवारीपासून नाही, म्हणून तो एप्रिल-मेमध्ये काढलेला परवडतो. परराज्यातल्यांना तो महाग आहे. त्यासोबत पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड घ्यायला विसरू नका. निघायच्या आदल्या रात्री राज्याचे तातडीचे नियम एकदा वाचा, ते मधल्या आठवड्यातही बदलतात. आंतरराज्य 5 वरून 68 क्रमांकाच्या फाट्याने बाहेर पडा आणि महामार्ग 12 धरून सॉल्कमच्या दिशेने जा. उजाडायच्या आत ब्लू क्रीकला पोहोचलात तर गाडी लावायला जागा मिळेल.