1951 च्या शेवरलेट ट्रकची बॉडी शेवरलेटच्याच एस-टेन या छोट्या पिकअपच्या चेसिसवर बसवून घेतली, शॉपचा अनुभव

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जातील. काम एक नंबर झालंय, वेल्डिंग आणि फिटिंगला दहापैकी नऊ, वायरिंगला सहा आणि वेळ पाळण्याला तीन. पुन्हा असाच प्रोजेक्ट करायचा झाला तर याच शॉपकडे जाईन, पण बऱ्याच गोष्टी आधी लिहून घेईन. शॉपचं नाव इथे टाकत नाही, छोटं शॉप आहे, मालक आणि एक वेल्डर एवढीच माणसं, आणि खाली मी तक्रारीही लिहिणार आहे.

गाडी म्हणजे 1951 ची शेवरलेट 3100, अर्ध्या टनाची पिकअप, पाच खिडक्यांची कॅब असलेली, म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत गोल वळणाऱ्या काचा असतात ती. आम्ही ओहायोत राहतो, इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे जुन्या गाड्यांच्या फ्रेमची वाट लागते. माझ्याकडे जी कॅब आली तिच्या खाली फ्रेम अर्धीच होती, इंजिन नव्हतंच. म्हणजे ओरिजिनल रिस्टोर करायला खाली काही शिल्लकच नव्हतं, हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याचा ट्रक पूर्ण आणि चालू आहे त्याने कृपा करून तो कापू नये. असे पूर्ण ट्रक आता कमी होत चाललेत आणि एकदा फ्रेम भंगारात गेली की गेली.

आपल्या लोकांना ही कल्पना समजायला सोपी आहे खरं तर. आपल्याकडे ट्रक घेताना कितीतरी लोक नुसती चेसिस घेतात आणि बॉडी वेगळी बांधून घेतात, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं चेसिसवर बस बांधल्यात. इथे तेच उलटं, बॉडी जुनी आणि चेसिस त्या मानाने नवी. आणि या ट्रकचं आपल्याशी नातंही आहे, जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, 1928 पासून 1954 पर्यंत तिथे गाड्या जोडल्या जायच्या, त्यामुळे जुन्या लोकांना शेवरलेट ट्रक म्हटलं की लगेच कळतं.

आता चेसिस का बदलायची? 1951 चा ट्रक दिसायला कितीही देखणा असला तरी खाली पुढे सरळ बीम एक्सल, लीफ स्प्रिंग, किंगपिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकचा मास्टर सिलेंडर एकच सर्किटचा, तोही फ्लोअरच्या खाली. म्हणजे एक पाईप फुटला की सगळे ब्रेक गेले. इंजिन 216 क्युबिक इंचाचं, सहा सिलेंडर एका ओळीत, 90 हॉर्सपॉवरच्या आसपास, बेअरिंग बॅबिटची म्हणजे मऊ धातूची आणि कनेक्टिंग रॉडला ऑइल बरंचसं उडवून मिळतं. इलेक्ट्रिक सहा व्होल्टचं. मागच्या एक्सलचं गिअरिंग इतकं खालचं की ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांच्या वर इंजिन ओरडायला लागतं. गावात फिरायला ठीक, पण इथे कुठेही जायचं म्हणजे हायवे, बाजूने अठरा चाकी ट्रेलर सत्तरने जातायत आणि आपण पंचेचाळीसने, ते मला बायको-मुलांना घेऊन करायचं नव्हतं.

एस-टेनच का, तर गणित जमतं. 3100 चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, 116 इंच. शेवरलेट एस-टेन ही छोटी पिकअप 1982 ते 2004 मॉडेलपर्यंत आली, तिची साधी कॅब आणि लांब बेडवाली, म्हणजे मागचा सामानाचा हौदा लांब असलेली जी आहे तिचा व्हीलबेस 117.9 इंच. फरक दोन इंचाला जरा कमीच. आखूड बेडवाली 108.3 येते, ती चालत नाही, आणि मोठ्या कॅबवाली 122.9, तिची फ्रेम मधून कापून आखूड करावी लागते. लोक इथेच फसतात, स्वस्तात मोठ्या कॅबची गाडी मिळते म्हणून घेतात आणि मग फ्रेम कापायचा खर्च त्याच्या वर जातो. अजून एक, फोर व्हील ड्राइव्हवाली नको, तिला पुढे टॉर्शन बार असतो आणि ती उंच बसते. टू व्हील ड्राइव्हला पुढे कॉइल स्प्रिंग, इंडिपेंडंट सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग सगळं तयार मिळतं. मी 1998 ची घेतली, दक्षिणेकडून आलेली म्हणजे मीठ न लागलेली, 4.3 लिटरचं व्ही-सिक्स आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हे इंजिन म्हणजे शेवीच्या 350 व्ही-एटचे दोन सिलेंडर कमी केलेत असं समजा, 170-180 हॉर्सपॉवर, पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात.

शॉपचं काम मला जिथे पटलं ते सांगतो. मालक साठीच्या पुढचा, काका म्हणावा असा माणूस, पहिल्या दिवशी त्याने वेल्डिंगला हातच लावला नाही. फ्रेम सपाट फ्लोअरवर स्टँडवर लेव्हल केली, चाकं ज्या उंचीवर येणार तशी, आणि मग पुढचं फेंडर नुसतं लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाकाच्या कमानीच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडला. गवंडी वापरतात तोच ओळंबा, दोरी आणि पितळी वजन. ते वजन हबच्या मध्यावर येईपर्यंत कॅब, फेंडर, रेडिएटर सपोर्ट सगळं थोडं थोडं सरकवत राहिला. मी म्हटलं लेझर नाही का, तर म्हणाला लेझर आहे पण ओळंबा खोटं बोलत नाही. पुढचं चाक कमानीत मध्ये आलं की तिथून सगळी मापं मागे धरली आणि तो दोन इंचाचा फरक मागच्या एक्सलला दिला, म्हणजे लीफ स्प्रिंगवर एक्सल जिथे बसतो तिथलं सेंटर पिनचं भोक नवीन करून एक्सल पुढे आणला आणि प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करून बॅलन्स करून आणला. मी इतर ठिकाणी केलेल्या गाड्या बघितल्यात ज्यांचं मागचं चाक कमानीत मागे लागल्यासारखं दिसतं, एकदा ते डोळ्याला दिसलं की नंतर दुसरं काही दिसतच नाही. या गाडीत ते नाही.

कॅबचे माउंट त्याने स्वतः बनवले. बाजारात तयार किट मिळतात, प्लेट कापून आलेल्या असतात, पण त्याचं म्हणणं 70 वर्षं जुनी कॅब कुठलीच किटच्या मापाची राहिलेली नसते, एक कोपरा खाली, एक वर. प्रत्येक माउंट फ्रेमच्या उभ्या बाजूला वेल्ड केला, वरच्या-खालच्या फ्लॅन्जवर, म्हणजे फ्रेमच्या आडव्या कडांवर, आडवं वेल्ड कुठेही नाही, फ्लॅन्जला भोकही नाही, कारण वजन आलं की फ्रेम तिथूनच तडकते. मधे रबराचे बुश. आणि महत्त्वाचं म्हणजे माउंट पक्के करायच्या आधी दोन्ही दरवाजे लावून, उघडून-मिटून, गॅप बघून शिम म्हणजे पातळ पट्ट्या टाकल्या. बऱ्याच ठिकाणी आधी वेल्ड करतात आणि मग दरवाजे लावतात, मग दरवाजा वरून घासतो आणि बॉडीवाला पुटी भरत बसतो. आता ड्रायव्हरचा दरवाजा दोन बोटांनी ढकलला तरी नीट लागतो, हे माझ्यासाठी पेंटपेक्षा मोठं आहे.

फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि कॅबच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीचं कामही व्यवस्थित. जुने पेडल फ्लोअरमधून वर यायचे, ती भोकं पत्रा लावून बंद केली आणि एस-टेनचा ब्रेक बूस्टर फायरवॉलवर बसवला. जुना पत्रा ब्रेक दाबला की आत-बाहेर होतो म्हणून मागून जाड प्लेट दिलीय. इंजिनचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असतो, तो फायरवॉलला लागत होता तर तिथे छोटा खोलगट खिसा केलाय, व्यवस्थित, आतून कार्पेटखाली कळतही नाही. पेट्रोलची टाकी हा तर माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. या ट्रकमध्ये टाकी कॅबच्या आत, सीटच्या पाठीमागे असते, हो, तुमच्या पाठीला चिकटून पेट्रोल. आता एस-टेनचीच टाकी फ्रेमच्या बाजूला खाली आहे, आतल्या पंपासकट, आणि कॅबमध्ये पेट्रोलचा वास शून्य.

आता तक्रारी. वायरिंग करणारा शॉपचा माणूस नव्हता, बाहेरून बोलावलेला होता, आणि त्याने एस-टेनचं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, जसंच्या तसं आत कोंबलं होतं. डॅशबोर्डच्या खाली हात घातला तर न लागणाऱ्या वायरींचा गुंता, टेप गुंडाळून ठेवलेला. एअरबॅग नाही, रिअर डिफॉगर नाही, तर त्याच्या वायरी कशाला ठेवायच्या? आणि 1998 च्या एस-टेनमध्ये चोरीविरोधी सिस्टीम इग्निशनच्या कुलपाशी जोडलेली असते, स्टिअरिंग कॉलम बदलला की कॉम्प्युटरला ते कळत नाही आणि गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. हे आधी माहीत असायला हवं होतं त्याला, तेच त्याचं काम आहे. मला दुसऱ्याकडून कॉम्प्युटर प्रोग्रॅम करून घ्यावा लागला. स्पीडोमीटर तर अजून अर्धवट होता, जुना मीटर केबलवर चालतो आणि नवीन गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक सिग्नल देतो, मधे एक कन्व्हर्टर लागतो, तो शॉपने खूप उशिरा मागवला.

दुसरी गोष्ट चाकं. एस-टेन अंगाने बारीक गाडी आहे, तिची चाकं जुन्या ट्रकच्या फुगीर फेंडरखाली आत गेल्यासारखी दिसतात. शॉपने त्यावर सरळ स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणाऱ्या जाड चकत्या, लावून दिले, मला न विचारता, आणि ते हबवर नीट बसणारे नव्हते, ताशी साठला स्टिअरिंग थरथरायचं. मी ते काढायला लावले आणि योग्य ऑफसेटचे रिम घेतले. पैसे त्यांनी वळते केले, वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण विचारायला हवं होतं. आणि वेळ, बोललेल्या तारखेच्या कितीतरी पुढे गेलं प्रकरण, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलं की काम हलतं, हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं.

चालवायला कशी आहे? मस्त. हायवेला पासष्टला ओव्हरड्राइव्हमध्ये शांत चालते, ब्रेक दाबला की सरळ रेषेत थांबते, खड्ड्यात पुढचं चाक स्वतःपुरतं खाली जातं, सगळा ट्रक हलत नाही. एसी बसवलाय. आणि तरी समोर तोच गोल बॉनेट, तीच आडव्या पट्ट्यांची ग्रिल.

कागदपत्रं हा विषय कुणी नीट लिहीत नाही म्हणून सविस्तर. बॉडी एका गाडीची आणि फ्रेम दुसरीची, मग ही गाडी कोणती? प्रत्येक राज्याचं उत्तर वेगळं आहे. आम्हाला हायवे पेट्रोलचं इन्स्पेक्शन लागलं, दोन्ही गाड्यांची टायटलं म्हणजे मालकीचे कागद आणि मोठ्या पार्टच्या पावत्या दाखवाव्या लागल्या. शॉपने प्रत्येक पायरीचे फोटो आणि पावत्या फाईल करून दिल्या होत्या, त्यामुळे काही अडलं नाही, यासाठी त्यांना पूर्ण मार्क. कुणी सांगेल की दरवाज्याच्या खांबावरची गाडीच्या सीरियल नंबरची जुनी पट्टी काढून हवी तिथे रिव्हेट मारू, ऐकू नका, गाडीची ओळख लपवायला नंबरशी खेळणं हा फेडरल गुन्हा आहे. काम सुरू करायच्या आधी आपल्या राज्याच्या ऑफिसला जाऊन विचारा, नंतर नाही.

भारतातून दोघा-तिघांनी विचारलं की पद्मिनीची किंवा जुन्या विलीज जीपची बॉडी बोलेरोच्या चेसिसवर घेता येईल का. कायद्याने अवघड आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. आणि 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी जे नियम आले, नंबरात व्हीए सिरीज मिळते ते, त्यात गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल असला तर ती विंटेजमध्ये धरत नाहीत. त्यामुळे तिकडे असं काही करून द्यायला कुणी तयार झालं तरी आरटीओत ती उभी राहणार नाही, पैसे घालू नका.

खर्चाचं थोडक्यात. चेसिस काढून घ्यायला चांगली एस-टेन दोन-तीन हजार डॉलरला मिळते, आणि इंजिन-गिअरबॉक्स त्यातच आलं. तयार नवीन चेसिस घेतली तर नुसती चेसिसच दहा-वीस हजारांच्या घरात, इंजिन वेगळं. तिसरा रस्ता म्हणजे जुनी फ्रेम ठेवून पुढे मस्टँग-टू पद्धतीचं, म्हणजे फोर्डच्या त्या कारसारखं इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवणं, तुमची फ्रेम धड असेल तर मी तोच घ्या म्हणेन, नंबरचा प्रश्नच येत नाही. माझी फ्रेम सडलेली होती म्हणून एस-टेन. या शॉपकडे जाणार असाल तर वायरिंग कोण करणार त्याचं आधीचं काम बघून घ्या, स्पेसर नको हे कागदावर लिहा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, कॅब माउंटवर बसून दरवाजे लागल्याचं स्वतः बघितल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. बेडची लाकडी फळी अजून बाकी आहे, एस-टेनची फ्रेम एक्सलवर उचललेली असते त्यामुळे फ्लोअर थोडा वर घ्यावा लागणार आहे, ते काम त्याच काकांना दिलंय.