१/७२ की १/४८? आयुष्यभर विमानं करायची असतील तर

माझ्या टेबलावर आत्ता एकाच विमानाची दोन मॉडेलं शेजारी-शेजारी उभी आहेत. दोन्ही मिग-२१ या लढाऊ विमानाच्या बिस प्रकाराची. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. टेबलावरच्या लहान मिगचा ९९ मिलिमीटर, मोठ्याचा १४९. लहान आहे १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, आणि मोठं १/४८ चं. प्लॅस्टिकची किट जोडायला लागलेल्या प्रत्येकाला चार-पाच विमानं झाली की हा प्रश्न पडतो: यातलं कुठलं स्केल आपलं मानायचं?

आवडेल ते किट घ्यायचं, हे उत्तर पहिली दोन वर्षं चालतं. तीस वर्षांचा संग्रह डोळ्यांसमोर असेल तर नाही चालत. १/३२ चं ग्नॅट सुमारे २७ सेंटिमीटर लांब होतं आणि १/७२ चं सुखोई-३० सुमारे ३० सेंटिमीटर. ती एका फळीवर ठेवली की हवाई दलातलं सगळ्यात चिमुकलं लढाऊ विमान आणि सगळ्यात मोठं, ही दोघं जुळी भावंडं दिसतात. विमानं अचूक करायची आणि शेजाऱ्यांतलं प्रमाणच चुकवायचं, हे मला पटत नाही. म्हणून स्केल लवकर ठरवा, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आकडे असे आडनिडे का, तर दोन्ही मापं फूट-इंचातून आली आहेत. १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. वैमानिक उभा केला तर इंचभर. १/४८ म्हणजे फुटाला पाव इंच, म्हणजे तोच वैमानिक दीड इंच. १/७२ चं माप १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी नौदलाने शाळांमधल्या मुलांकडून विमानं ओळखण्याच्या सरावासाठी लाकडी विमानं करून घेतली तीही याच मापाची. त्यामागचं गणित सोपं आहे. १/७२ चं मॉडेल ३५ फुटांवरून पाहिलं की खरं विमान अडीच हजार फुटांवर, जवळजवळ अर्ध्या मैलावर, जसं दिसेल तसं दिसतं.

हे गणित नीट समजलं की अचूकपणाचा वाद बराचसा मिटतो. मॉडेल हातात धरून आपण ते साधारण फुटावरून पाहतो. १/७२ मध्ये ते अंतर होतं ७२ फूट, १/४८ मध्ये ४८. धावपट्टीच्या कडेला ७२ फुटांवर उभं राहून तुम्हाला रिव्हेट दिसतील का? पत्र्यांमधल्या फटी? फार तर रंगातला थोडा फरक जाणवेल. किटवर कोरलेली पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याची रेघ, ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर १/७२ मध्ये तिचा अर्थ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची चर, १/४८ मध्ये साडेनऊची. दोन्ही खोट्याच, पण ७२ वाली जास्त खोटी. पंखाच्या मागच्या कडेचंही तसंच. प्लॅस्टिक अर्धा मिलिमीटर जाड राहिलं तर १/७२ च्या हिशेबात ती कड ३६ मिलिमीटर जाड झाली. त्यामुळे १/७२ मध्ये मी कडा आतून घासून कागदासारख्या करतो आणि पॅनल लाइनमध्ये काळा वॉश (पातळ केलेला रंग) भरत नाही, मूळ रंगाहून किंचित गडद छटा पुरते. बऱ्याच जणांचं मॉडेल इथेच बिघडतं. काळ्या रेघांची जाळी विमानाला खेळणं करून टाकते. १/४८ ही चूक थोडी पोटात घालतं.

मिगच्या नाकावरची पिटॉट नळी, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळी, घ्या. किटमधली प्लॅस्टिकची नळी दोन्ही मापांत जाड असते आणि हाताळताना हमखास मोडते. मी इन्सुलिनच्या सिरिंजची सुई लावतो. तिची जाडी पाव मिलिमीटर, म्हणजे १/७२ मध्ये १८ मिलिमीटरची नळी, १/४८ मध्ये १२ ची. सुईचं टोक आधी घासून बोथट करा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

कॉकपिटच्या बाबतीत मात्र १/४८ निर्विवाद सरस. मिगच्या आतला तो निळसर हिरवा रंग, सीटचे पट्टे, डायलचे काटे हे सगळं अठ्ठेचाळीसमध्ये ब्रशच्या टोकाने रंगवता येतं आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडी ठेवली तर दिसतंही. बहात्तरमध्ये त्याच कामाला डिकॅल (चिकटवायचं छापील चित्र) वापरावं लागतं, आणि कॅनोपी बसली की उरतो तो अंधाराचा एक ठिपका. कॅनोपी उघडी ठेवणार असाल तर एक गोष्ट तपासा: मिग-२१ च्या जुन्या एफएल प्रकाराची कॅनोपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, मागून वर उचलली जाणारी. बिसची उजव्या बाजूला कलणारी. पाठीचा कणाही, म्हणजे कॉकपिटमागचा लांब उंचवटा, दोघांचा वेगळा, बिसचा जाडजूड. माझं बालपण नाशिकजवळ गेलं. ओझरच्या कारखान्यात बनलेली ही विमानं डोक्यावरून जाताना आवाजाआधी नजर वर जायची, त्यामुळे तो कणा चुकलेला मला लगेच खुपतो. आणि तो कुठल्याही मापात चुकू शकतो, हेही लक्षात असू द्या. मोठं स्केल म्हणजे आपोआप अचूक किट, असं नाही. अठ्ठेचाळीसमधलं एका लोकप्रिय जर्मन लढाऊ विमानाचं एक नामांकित किट २०१४ मध्ये चक्क मापापेक्षा मोठं निघालं होतं आणि कंपनीला पुढे ते नव्याने काढावं लागलं. खोका उघडल्यावर आधी पट्टी घेऊन पंख आणि लांबी मोजा. मी अजूनही मोजतो.

डोळ्यांचं काय, हा प्रश्न चाळिशी ओलांडलेले सगळे विचारतात. माझा अनुभव असा की भिंगाचा हेडबँड आणि पांढरा स्वच्छ प्रकाश असेल तर डोळे दोन्ही मापांत साथ देतात. खरी परीक्षा बोटांची. बहात्तरमधल्या चाकाच्या दारांचे तुकडे चिमट्यातून उडून फरशीवर पडले की शोधण्यात संध्याकाळ जाते. हात कापत असेल तर विचार न करता १/४८ घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

जागेचा हिशेब लोक दीडपट एवढाच करतात. लांबी दीडपट, पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट आणि खोक्यात भरणारं आकारमान तिपटीहून जास्त. रंग त्या प्रमाणात लागतो. किट परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क वाढतं, आणि भाच्याच्या बॅगेत बहात्तरची तीन खोकी मावतात तिथे अठ्ठेचाळीसचं एकच मावतं.

पावसाळ्याचा त्रास दोन्हींना सारखाच. जुलै-ऑगस्टात दमट हवेत लॅकरचा (चटकन वाळणाऱ्या रंगाचा) थर मारला की तो दुधाळ होतो. माझं एक आख्खं विमान असं पांढरं पडलं होतं. आता त्या दोन महिन्यांत मी फक्त घासकाम आणि जोडकाम करतो.

किट मिळण्याच्या बाबतीत भारतीय विमानं करणाऱ्याला आज कुठल्याही बाजूने तक्रार नाही. एडुआर्ड या किट कंपनीचं मिग-२१ दोन्ही मापांत आहे, अठ्ठेचाळीसमध्ये २०११ पासून आणि बहात्तरमध्ये २०१८ पासून. जुन्या विमानवाहू विक्रांतवरच्या सी हॉक या लढाऊ विमानाचं १/७२ किट हॉबी बॉसचं, १/४८ ट्रम्पेटरचं. गोव्याला गेलात तर बोगमाळो रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक उघड्यावर उभं आहे. त्याच्याभोवती फिरून चाकांच्या खोबणींचे फोटो काढा, पुस्तकातल्या चित्रांहून ते जास्त उपयोगी पडतात. त्याच आवारात सुपर कॉन्स्टेलेशन हे चार पंख्यांचं मोठं विमान आहे. ते १/७२ मध्येच अर्धा मीटर भरतं.

१/३२ आणि १/१४४ बद्दल थोडक्यात. १/३२ देखणं असतं, पण चार सुखोई झाली की एक खोली गेली. १/१४४ प्रवासी विमानांसाठी उत्तम. एअर इंडियाचं ७४७ करायचं असेल तर दुसरं माप शोधूच नका.

माझा कौल १/७२ ला आहे, आणि त्याचं कारण ग्नॅट. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों एका ग्नॅटमधून त्यांना भिडले आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. हवाई दलातले परमवीर चक्राचे ते एकमेव मानकरी. हे वाचलं अनेकदा होतं. पण १/७२ मधलं ९४ मिलिमीटर पंखांचं ग्नॅट आणि १५७ मिलिमीटर पंखांची सहा सेबर एका फळीवर मांडली त्या दिवशी मी बराच वेळ काही न बोलता उभा राहिलो. ही मांडणी १/४८ मध्येही करता येते, फक्त सहा सेबरना जवळजवळ दीड मीटरची फळी लागते, आणि ती पुढे कायम अडकते. ज्याला एकेका विमानात सहा महिने रमायचं आहे, आयुष्यात पंचवीस-तीसच करायची आहेत, त्याने १/४८ घ्यावं आणि कॉकपिटमध्ये मनसोक्त बुडावं. ज्याला आख्ख्या हवाई दलाची गोष्ट घरात उभी करायची आहे, त्याच्यासाठी बहात्तर.

अजूनही ठरत नसेल तर किट घेण्याआधी एक करा. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटा या वाहतूक विमानाचे पंख २९ मीटरचे. वर्तमानपत्रातून ४० सेंटिमीटरची आणि ६० सेंटिमीटरची अशा दोन पट्ट्या कापा आणि ज्या कपाटात विमानं ठेवणार आहात त्यात आडव्या धरून पाहा. माझ्या कपाटात ४० ची पट्टी तिरकी का होईना बसली. ६० ची धरल्यावर काचेचं दार लागलं नाही.