सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ: 2017 चं बिल आणि 2025 चं बिल

माझ्याकडे एकाच सफरीची दोन बिलं आहेत. सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. पहिलं मे 2017 चं, दुसरं मे 2025 चं. कंपनी तीच, मार्ग तोच, फक्त जहाज वेगळं. गेली सव्वीस वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचे हिशोब लिहिते. कागद टाकून द्यायचा हात नाही, म्हणून ही दोन्ही बिलं एकाच फाईलीत राहिली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन ट्रॅव्हलवाल्यांकडे चौकशी केल्यावर कळलं की तिकिटाबाहेर जहाजावर एकेका गोष्टीचे पैसे घ्यायची ही रीत आता एकट्या तिची राहिलेली नाही.

2017 ला मी आणि हे गेलो होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. खिडकीची खोली, बंदराचे कर धरून माणशी 36,500 रुपये. जहाजावर चढलो तेव्हा ह्यांनी पाकीट खोलीतल्या तिजोरीत ठेवलं, आणि ते निघालं थेट पेनांगला उतरताना. मला त्या सफरीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. सकाळी उठायचं, नाश्त्याला जायचं, हवं ते घ्यायचं, कुणी भाव सांगत नाही की चिठ्ठी फाडत नाही. रात्री दीडला भूक लागली तर फोन केला, सँडविच आणि सूप खोलीत आलं, पैसे नाहीत. खोली दिवसातून दोनदा आवरली जायची. संध्याकाळी परत यावं तर पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. ज्या बाईने आयुष्यभर घरात प्रत्येक खर्चाची नोंद ठेवली, तिला चार दिवस काहीच लिहावं लागलं नाही. ती सुट्टी मला समुद्रापेक्षाही मोठी वाटली.

शेवटच्या दिवशी बिल आलं ते 128 डॉलरचं. त्यातले 108 टिपेचे, माणशी रोज साडेतेरा, आणि 20 डॉलरचा एक फोटो. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे.

या आठवणीच्या जोरावर मी माझ्या धाकट्या जावेला तयार केलं. ती तासगावकडची. घरची द्राक्षबाग, सगळा माल बेदाण्याला जातो. औषध फवारण्या, छाटण्या, शेडवरची वाळवण यातून तिची पन्नाशी आली तरी कधी जिल्ह्याबाहेर चार दिवस गेलेली नव्हती. बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, हातात आली की त्यातून थोडे थोडे बाजूला टाकून तिने दोन वर्षांत पैसे जमवले. मी तिला शब्द दिला होता, "एकदा पैसे भरले की पुढे काही बघायचं नाही." हा शब्द मला पाळता आला नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

2025 चे दर आधी सांगते. बिनखिडकीची खोली, सगळ्यात स्वस्त, माणशी 49,800. खिडकीच्या खोलीला माणशी आणखी चौदा हजार मागत होते. त्यावर 5 टक्के जीएसटी. शिवाय परदेश सहलीचा टीसीएस, जो त्या वेळी दहा लाखांपर्यंत 5 टक्के होता. टीसीएसला बरेच लोक घाबरतात, पण तो खर्च नाही. आपल्या पॅनवर जमा झालेला कर आहे, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. विमान, सिंगापूरचा व्हिसा आणि सिंगापुरातली एक रात्र हे सगळं वेगळं. व्हिसा मात्र एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्या, कारण जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापुरातच येतं. मलेशिया आणि थायलंडला आपल्याला व्हिसा लागला नाही, तो खर्च आणि ती धावपळ वाचली.

भाववाढीचा काही भाग तर आपल्या रुपयाचाच आहे. 2017 च्या मे महिन्यात डॉलर साधारण साडेचौसष्टचा होता, 2025 ला पंचाऐंशीच्या घरात. म्हणजे कंपनीने एक सेंटही वाढवला नसता तरी आपल्याला तीच वस्तू जवळजवळ 32 टक्क्यांनी महाग पडली असती. शिवाय मार्च 2020 पासून जगभरातली जहाजं बंद होती, तरी ती बंदरात उभी ठेवायला पैसे लागतच होते. मोठ्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलरची कर्जं काढली. सगळ्यात मोठ्या कंपनीवरचं कर्ज तर एका टप्प्यावर 30 अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. ते फेडायचं तर पैसा प्रवाशाकडूनच येणार, हे मला कळतं. आणि लोक जातच आहेत. 2019 ला जगात 2 कोटी 97 लाख लोक क्रूझला गेले होते, 2023 ला 3 कोटी 17 लाख. माल उचलला जात असेल तर भाव उतरत नाही, हे यार्डात बसून मला वेगळं शिकायला नको.

त्यामुळे तिकीट वाढलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिकिटात काय उरलं याबद्दल.

आमच्याकडे शेतकरी हळद घेऊन येतो. सौद्यात भाव निघतो, तो मोठ्याने पुकारला जातो. मग पट्टी होते, तिच्यात हमाली, तोलाई अशा कपाती असतात. पण त्या कपाती काय आहेत हे त्याला गाडी यार्डात शिरायच्या आधीपासून माहीत असतं. इथे उलटं झालं. तिकिटाचा भाव आधी पुकारला आणि कपाती समुद्रात गेल्यावर एकेक करून पुढे आल्या.

पहिल्याच संध्याकाळी धाकटीने कॉफी मागितली. 2017 ला जहाजावर मिळायची तशी, मशीनमधली नाही, फेसाची. त्या पोराने कार्ड मागितलं. साडेचार डॉलर, वर 18 टक्के सेवाशुल्क. तिने मनातल्या मनात गुणाकार केला, कारण हिशोबात ती माझ्यापेक्षा चलाख आहे, आणि म्हणाली, "ताई, साडेचारशे रुपये झाले की हो." त्यानंतर चार दिवसांत तिने आपणहून काहीही मागितलं नाही. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्येसुद्धा प्रत्येक पदार्थाला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायची, हे फुकट आहे ना म्हणून. ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

शेवटच्या दिवशी आमच्या दोघींचं बिल आलं ते 509 डॉलरचं. आता ते फोडून सांगते. टीप माणशी रोज 18 डॉलर, दोघींची चार रात्रींची 144. वायफाय एका फोनला रोज 20, चार दिवसांचे 80. घरी सासूबाई आजारी होत्या, त्यामुळे संपर्काशिवाय राहणं शक्य नव्हतं. एका रात्री पैशाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो, माणशी 45, सेवाशुल्कासकट 106. कॉफी आणि सरबतं 31. रात्रीचं खोलीतलं खाणं, जे पूर्वी फुकट होतं, एका वेळचे साडेनऊ. आणि फुकेतची जहाजाने नेलेली सहल, दोघींचे 138. 2017 च्या 128 डॉलरच्या जवळजवळ चौपट. ती सहल आमची निवड होती, म्हणून तिचे पैसे बाजूला काढले तरी जहाजाचा खर्च माणशी 68,000 च्या आसपास जातो. 2017 ला खिडकीच्या खोलीसकट तो 40,600 होता.

पैशाच्या रेस्टॉरंटमध्ये का गेलो, हे सांगायला हवं. मोठ्या हॉलमधलं जेवण पहिल्यापेक्षा उतरलंय. भारतीय पदार्थांचा काउंटर आहे, डाळ-भात रोज मिळतो, शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही. पण पूर्वी चार भाज्या असायच्या तिथे दोन, आणि गोडात तेच तेच. रांगा लांब. क्रूझवाले क्षमता मोजताना एका खोलीला दोन माणसं धरतात, त्यामुळे मे महिन्यात मुलांसकट कुटुंबं आली की जहाज शंभर टक्क्यांच्याही वर भरतं. सकाळी आठला डेकवर गेलं तर प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी टॉवेल.

बिनखिडकीच्या खोलीबद्दलही सांगते. स्वच्छ होती, पलंग उत्तम होता. पण दिवा मालवला की हरिपूरच्या जमिनीखालच्या हळदीच्या पेवात उतरल्यासारखं वाटायचं. किती वाजले कळत नाही, पाऊस आहे की ऊन कळत नाही. समुद्रावर येऊन समुद्र न दिसणारी खोली घेऊ नका. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा, पण खिडकी घ्या.

खोली आवरायला येणारा मुलगा देवगडचा निघाला. आमचं बोलणं ऐकून दारातच थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आपल्याकडच्या का?" घर सोडून सात महिने झाले होते त्याला. आता खोली दिवसातून एकदाच आवरतात. मला वाटलं होतं त्यामुळे त्यांचं काम कमी झालं असेल. तसं नाही, त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त खोल्या दिल्या आहेत. धाकटीने पिशवीतून बेदाण्याचा अर्धा किलोचा पुडा काढून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या संध्याकाळी, नियमात नसताना, पलंगावर टॉवेलचा हत्ती होता. माणसांना द्यायचे तेवढे गुण मी पूर्ण देते. हॉलमधले वाढपी, लिफ्टपाशी उभी राहणारी मुलगी, सगळी हसतमुख. टीप 18 काय, आणखी दोन डॉलर वाढवली तरी मी कुरकुर करणार नाही. फक्त ती तिकिटातच घ्या आणि त्या मुलांपर्यंत पोचू द्या.

आणि बंदरं. पेनांगसाठी तरी ही सफर करावी. जहाज थेट जॉर्जटाउनच्या कडेला लागतं, उतरून चालत गाव गाठता येतं, जहाजाची सहल विकत घ्यायची काहीच गरज नाही. हे जुनं गाव 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लिटल इंडियात मसाल्यांची दुकानं आहेत, आत शिरल्यावर माझा हात आपोआप हळदीच्या पोत्यात गेला. रंग बरा होता, आपल्या राजापुरी हळदीचा वास नव्हता. शेजारच्या गल्लीत मरिअम्मनचं देऊळ आहे, तिथे धाकटी पाऊण तास बसून राहिली. दुपारी रस्त्यावरच्या टपरीवर आम्ही दोघींनी भरपूर खाल्लं, जहाजावरच्या एका जेवणाच्या पाव पैशांत. तिथे ती मोकळी झाली, स्वतः मागून दुसरं सरबत घेतलं.

फुकेतला जहाज पातोंगच्या खाडीत लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीचे थांबतात. आम्ही त्या भीतीने 138 डॉलर घातले. घालायला नको होते. 2017 ला आम्ही दीड तास थांबून, उतरल्यावर टॅक्सी ठरवून तेच सगळं बघितलं होतं.

मलाक्काच्या सामुद्रधुनीतली रात्र मात्र दोन्ही वेळा तशीच. आपलं जहाज आणि दोन्ही बाजूंना मालवाहू जहाजांचे दिवे, लांबच लांब रांग, हायवेवर ट्रक जावेत तशी. आम्ही दोघी वरच्या डेकवर साडेबारापर्यंत उभ्या होतो. धाकटी म्हणाली, आपला बेदाणा पण असाच जात असेल का कुठे. मी म्हटलं, जात असेल.

मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जहाजावरच्या खर्चातून येतो. तिकीट हे दार उघडायचे पैसे, खरी विक्री आत सुरू होते. हे आधी माहीत असलेल्या माणसाला तितका त्रास होणार नाही. पण आमच्यासारखी माणसं क्रूझला जात होती ती आत विक्री नाही म्हणूनच. पन्नास हजारांत खर्च संपतो की सत्तर हजारांत, हा माझ्यासाठी दुसरा प्रश्न. कुठेतरी तो संपतो की नाही, हा पहिला. सिंगापुरात हॉटेल घेऊन तेवढेच दिवस राहिलं तरी आता फार फरक पडत नाही, आणि तिथे दर दोन तासांनी कुणी कार्ड मागत नाही.

पाचपैकी तीन तारे. ते तीनही माणसांना, पेनांगला आणि त्या रात्रीला.

जायचंच असेल तर शाळा चालू असतानाचे महिने बघा, गर्दी आणि भाव दोन्ही उतरतात. टीप बुकिंगलाच भरून टाका, म्हणजे त्या दिवशीच्या डॉलरचा भाव पक्का होतो. वायफायऐवजी बंदरात सिम घ्या, घरी आजारी माणूस नसेल तर एवढं पुरतं. आणि ट्रॅव्हलवाल्याकडून हे लिहून घ्या: कोणती कॉफी आत, कोणती बाहेर, रात्री खोलीत जेवण मागवलं तर किती, टीप तिकिटात आहे की नाही. तोंडी सांगितलेलं धरू नका. मी तोंडी धरलं, आणि तेच पुढे धाकटीला सांगितलं.