रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान, कोलोरॅडो: एल्कचा हंगाम आणि कळप कमी करण्याचा वाद

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन आम्ही डेन्व्हरहून दोन दिवसांसाठी रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. या उद्यानाविषयी आपल्या लोकांत बोलणे होते ते बहुधा ट्रेल रिज रोडच्या उंचीविषयी आणि अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या पानांविषयी. हे परीक्षण मात्र एल्क नावाचे मोठे हरीण पाहायला जाणाऱ्यांसाठी आहे. संरक्षित जंगलात एखाद्या प्राण्याची संख्या बेसुमार वाढली, तर त्याला गोळ्या घालून ती कमी करावी का, हा प्रश्न इथे आल्यावर टाळता येत नाही, म्हणून त्यावरही सविस्तर लिहीत आहे.

आधी सोयींविषयी. मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठरावीक वेळेचा प्रवेश आगाऊ नोंदवावा लागतो. तो नोंदवल्याशिवाय निघू नये. एल्क पाहण्यासाठी मोरेन पार्कचे कुरण सर्वांत चांगले. समुद्रसपाटीपासून ते सुमारे २,४५० मीटर उंचीवर आहे आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी एकदम अंगावर येते, त्यामुळे वयस्कर माणसे बरोबर असतील तर शाल-स्वेटर गाडीत न ठेवता हातात ठेवावेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुरणात उतरण्यास बंदी असते. रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहायचे आणि एल्कपासून किमान ७५ फूट अंतर राखायचे. स्वयंसेवक कडेने उभे असतात. ते गर्दी आवरतात आणि कोणी काही विचारले तर मनापासून सांगतात. सेवेपुरते बोलायचे तर माझ्याकडून पाचपैकी पाच गुण.

एल्क हा आपल्या सांबरासारखा दिसणारा, पण त्याहून मोठा प्राणी; काश्मीरचा हंगुल हा त्याचा खरा जवळचा नातलग. हा त्यांच्या माजाचा हंगाम. आमच्यापासून शंभरेक पावलांवर एक नर वीसेक माद्यांभोवती फेऱ्या मारत होता. त्याच्या शिंगात उपटलेल्या गवताची जुडी अडकली होती, पोटाखालचे केस चिखलाने चिकटले होते, आणि मान वर करून तो साद घाली तेव्हा तोंडातून वाफ निघे. ती साद खालच्या पट्टीत सुरू होते, चढत चढत फाटक्या बासरीसारखी होते आणि शेवटी दोन-चार हुंकारांत विरते. आई तर हात जोडूनच उभी राहिली होती.

बाबांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. ते अमरावती जिल्ह्यात तूर आणि हरभरा घेतात. रोही आणि रानडुकरे यांच्यापायी मचाणावर जागल करण्यात त्यांचे किती हिवाळे गेले, याचा हिशेब नाही. कळपाकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, ''इतके हायेत, मंग यायले खाते कोन?'' मी तो प्रश्न जवळच्या वयस्कर स्वयंसेविकेला इंग्रजीत विचारला आणि तिने सुस्कारा टाकून जे सांगितले, त्यात या सगळ्या वादाचे मूळ आहे.

एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी आणि व्यापारी शिकाऱ्यांनी या खोऱ्यातला एल्क जवळजवळ संपवला. १९१३ आणि १९१४ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून एल्क आणून पुन्हा सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये हे उद्यान झाले. पण लांडगे आणि ग्रिझली अस्वले तोवर नाहीशी झाली होती. म्हणजे खाद्य परत आले आणि खाणारा आलाच नाही. १९४४ ते १९६८ या काळात उद्यानाचे रेंजर स्वतःच एल्क मारून संख्या आटोक्यात ठेवत असत. पुढे ते थांबवून निसर्ग आपले आपण पाहून घेईल असे धोरण आले. उद्यानाबाहेर परवान्याने शिकार होत राहिली, पण एल्क हा शहाणा प्राणी आहे. उद्यानात आणि शेजारच्या एस्टेस पार्क गावात बंदूक चालत नाही, हे त्याने ओळखले आणि तो तिथेच मुक्काम ठोकून राहू लागला. त्या गावाच्या गोल्फच्या मैदानावर आजही कळप बसलेले दिसतात.

याचा परिणाम पाहायचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, बंदीची वेळ संपल्यावर, मोरेन पार्कमधल्या कुंपणापर्यंत चालत जावे. साधारण सहा फूट उंचीची जाळी आहे. लहान प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून तिच्याखाली फट सोडलेली आहे आणि माणसांसाठी फाटके ठेवली आहेत. आत विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतली झुडपे, माझ्या डोक्याच्या वर गेलेली होती आणि त्यांत पक्ष्यांची सतत हालचाल होती. जाळीला लागूनच, पण बाहेर, त्याच विलोचे गुडघ्याएवढे खुंट होते. मी खाली बसून एक फांदी पाहिली: टोक कुरतडलेले, त्याखाली फुटवा, तोही कुरतडलेला, त्याखाली आणखी एक. विलो गेली की बीव्हर, म्हणजे ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारा प्राणी, जातो, कारण त्याचे अन्न आणि बांधाचे लाकूड तीच. बीव्हर गेला की त्याचे बांध जातात, पाणी पसरायचे थांबते आणि ओलसर कुरण हळूहळू कोरडे पडते. अ‍ॅस्पेनचीही तीच गत, म्हातारी झाडे उभी आणि खाली एकही रोप वाढत नाही. बाबा जाळीवर हात ठेवून म्हणाले, ''आपल्याइकडे पिकाले कुंपन घालतात, इथं त जंगलालेच घातलं.''

हे कुंपण ज्या वीस वर्षांच्या योजनेचा भाग आहे, तिला २००७ मध्ये अंतिम रूप मिळाले. हिवाळ्यात उद्यानात ६०० ते ८०० एल्क असावेत असे तिचे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त २०० एल्क मारण्याची तिच्यात तरतूद होती. खरे रण पेटले ते इथे. राज्याच्या वन्यजीव खात्याचे म्हणणे होते की मारायचेच असेल तर परवानाधारक शिकाऱ्यांना मारू द्या. ते शुल्क भरतात, मांस घरी नेतात आणि सरकारचा खर्च वाचतो. उद्यानाची अडचण अशी की १९२९ च्या कायद्याने तिथे शिकारीला बंदी आहे. शेवटी उद्यानाचे कर्मचारी आणि त्यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित स्वयंसेवक यांनी हिवाळ्यात हे काम करायचे असे ठरले. ही मागच्या दाराने आणलेली शिकारच आहे आणि लांडगे परत आणण्याच्या पर्यायाचा पुरेसा विचारच झाला नाही, असे म्हणत वाइल्डअर्थ गार्डियन्स ही संस्था न्यायालयात गेली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने उद्यानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत्यक्ष मारणे २००९ ते २०११ या काळातच झाले आणि मुभा होती त्याहून बरेच कमी झाले.

मी जाण्यापूर्वी मारण्याच्या पूर्ण विरोधात होतो, हे इथे सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलेल्या माझ्या पिढीला 'उद्यान' आणि 'बंदूक' हे शब्द एका वाक्यात खपत नाहीत. त्या कुरतडलेल्या फांदीने माझे मत बदलले. लांडग्यांचा युक्तिवाद मला आजही सर्वांत पटतो; पण हे उद्यान जेमतेम १,०७५ चौरस किलोमीटरचे, त्याला लागून गावे आणि गुरांची राने, तेव्हा लांडगा त्याच्या सीमेत राहील ही अपेक्षा चुकीची आहे. कोलोरॅडोत लांडगे परत आणण्याविषयीच्या २०२० च्या मतदानानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ते सोडण्यास सुरुवात झाली, तेही रॉकी पर्वताच्या पश्चिम उताराकडे, आणि गुरे राखणाऱ्यांशी त्यांचा संघर्ष लगेच सुरू झाला. ते या कुरणात उतरून कळप हलता ठेवतील तो दिवस यावा असे मला मनापासून वाटते. तोवर विलोने कशाच्या आधारावर थांबायचे?

तरीही शिकाऱ्यांना परवाने वाटणे मला मान्य नाही, आणि यामागे केवळ भावना नाही. ग्रँड टीटन उद्यानात १९५० च्या कायद्याने शिकाऱ्यांना तात्पुरते रेंजर म्हणून नेमून एल्क मारण्याची मुभा आहे, आणि तो वाद अजून शमलेला नाही. ज्याला शिंगे हवीत तो मोठा नर निवडणार. कळप कमी करायचा तर माद्या कमी व्हाव्या लागतात. हे काम हौसेचे नाही, म्हणून ते हौशी माणसाकडे देऊ नये. देखरेखीखालच्या पथकामुळे आणखी एक गोष्ट साधली. एल्कमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आहे, तो रानातल्या एल्कमध्ये १९८१ मध्ये याच परिसरात आढळला होता. मारलेल्या प्रत्येक जनावराची त्यासाठी तपासणी झाली आणि निर्दोष मांस लोकांना वाटण्यात आले. ते वाया गेले नाही. ज्या संस्थेने न्यायालयात दाद मागितली तिचेही मी आभारच मानतो, कारण मारण्याची कारणे कागदावर मांडावी लागली ती अशा आक्षेपांमुळेच.

जाणाऱ्यांनी संध्याकाळ एल्कसाठी ठेवावी, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ कुंपणासाठी राखूनच ठेवावी. बहुतेक गाड्या तिथे न थांबता पुढे जातात. आत जाताना आणि बाहेर येताना फाटक नीट लावावे. आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाबा मागे राहिले, कडी घातली, फाटक दोनदा ओढून पाहिले आणि मगच आमच्यामागून निघाले.